करडई आणि तिचा काटा

रब्बी हंगामाच्या मध्यास सोलापूर, परभणी, बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांच्या काळ्या रानातून जाताना ज्वारीच्या शेताच्या कडेने पिवळ्या-केशरी फुलांच्या काही ओळी अजूनही क्वचित दिसतात. वाटसरूच्या दृष्टीने ती शेताची शोभा असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते कुंपण असते. या ओळी म्हणजेच करडईचे पाटे होत. ज्वारीत शिरू पाहणारे जनावर या काट्यांपाशी थबकते आणि मागे फिरते. मजुरी द्यावी न लागणारा हा राखणदार पिढ्यान्‌पिढ्या दख्खनच्या शेतात उभा आहे, आणि हंगामाअखेर घरच्या तेलाची सोयही तोच करतो.

पण ज्या काट्याने हे पीक राखले, त्याच काट्यामुळे ते आज मागे पडले आहे. सन १९८० नंतरच्या दशकात देशात सात लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र करडईखाली होते. अलीकडील वर्षांत ते एक लाख हेक्टरांच्या आत आले. याची कारणे अनेक आहेत. पाण्याची सोय झाली तेथे ऊस, गहू व हरभरा आले. बाहेरून येणारे स्वस्त तेल घरोघर पोहोचले. बाजारात करडईला हमखास गिऱ्हाईक राहिले नाही. तथापि कोणत्याही शेतकऱ्यास करडई का सोडली असे विचारावे, तर बहुधा पहिले उत्तर एकच येते : “काढायला माणूस मिळत नाही.” म्हणून या लेखात काट्यासच मध्यभागी ठेवून या पिकाचा विचार केला आहे. काटा कोठे हवा, कोठे नको, आणि काट्याव्यतिरिक्त कोणत्या चुकांनी हे पीक हातचे जाते, हे नीट समजले तर आपल्या कोरडवाहू रानात करडईला पुन्हा जागा देता येईल.

काटेरी कुळ

करडई ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती होय. शेवंती, झेंडू व कारळा ही याच कुळातील परिचित मंडळी. शेताचे नुकसान करणारे गाजरगवतही याच कुळातले. या मोठ्या कुळात काटेरी बोंडांच्या वनस्पतींची एक वेगळी शाखा आहे. माळरानावर निळसर-पांढऱ्या गोल चेंडूसारखी फुले येणारा उंटकटारा याच शाखेतला, आणि करडईही याच शाखेतली. पिवळा धोत्रा मात्र काटेरी असला तरी या कुळातला नव्हे; त्याचे नाते अफूच्या कुळाशी आहे. केवळ काटे पाहून नाते जोडू नये, फुलाची रचना पाहावी.

करडईचे एक बोंड म्हणजे एक फूल नव्हे, तर अनेक लहान नळीसारख्या फुलांचा तो गुच्छ असतो. सूर्यफुलाच्या कडेने जशा पसरट पाकळ्या असतात, तशा करडईस नसतात. बोंडाभोवती हिरव्या पानांसारख्या आवरणांची दाट वीण असते व त्यांच्या टोकांस काटे येतात. आत प्रत्येक फुलाच्या तळाशी एक दाणा भरतो. ज्यास आपण करडईचे बी म्हणतो ते शास्त्राच्या दृष्टीने कठीण कवचाचे फळच होय.

वनस्पतिशास्त्रात करडईच्या प्रजातीस कार्थॅमस असे नाव आहे. या प्रजातीत काही जंगली भाऊबंदही आहेत. पंजाब व पाकिस्तानातील गव्हाच्या शेतांत तणासारखी उगवणारी पोहली ही त्यांपैकी एक. तिच्यात आणि आपल्या करडईत गुणसूत्रांची संख्या सारखीच, म्हणजे २४ असते आणि दोहोंचा संकर होऊ शकतो. दुसरा एक भाऊबंद ऑस्ट्रेलियात जाऊन तेथील कुरणांचा उपद्रवी तण झाला आहे. त्याची गुणसूत्रे ४४ आहेत. या साऱ्या जंगली जाती कडक काट्यांच्या आहेत. त्यावरून ध्यानात येईल की काटा हा करडईस बाहेरून चिकटलेला दोष नसून तिच्या कुळाचा जुना स्वभाव आहे. कोरड्या, उजाड प्रदेशात चरणाऱ्या जनावरांपासून वाचावयाचे, तर अशा वनस्पतीस दुसरा उपाय नव्हता.

करडईची लागवड प्रथम पश्चिम आशियात सुरू झाली असे मानले जाते. इजिप्तमधील प्राचीन कबरींत तिच्या फुलांचे हार सापडले आहेत. आपल्याकडे संस्कृतात तिला ‘कुसुम्भ’ म्हणतात व त्यावरूनच कुसुंबी रंग हा शब्द आला. म्हणजे प्रथम तिचा मान तेलासाठी नव्हता, रंगासाठी होता. फुलांत पिवळा व लाल असे दोन रंग असतात. पिवळा रंग पाण्यात सहज विरघळतो. तो धुऊन काढल्यावर उरलेल्या फुलांतून खाराच्या पाण्याने लाल रंग काढीत व आंबट द्रव घालून तो कापडावर बसवीत. इंग्लंडातील कचेऱ्यांत दप्तरे बांधण्याची लाल फीतही एके काळी याच रंगाने रंगविली जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि उन्हात विटणारा कुसुंबी रंग मागे पडला. पीक मात्र टिकले, कारण तोपर्यंत शेतकऱ्याने तिच्या बियांतील तेल ओळखले होते.

ओल शोधणारे मूळ

करडईचे खरे बळ जमिनीखाली आहे. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे रोप वर वाढत नाही. पाने जमिनीलगत पसरून बसते. नवख्या माणसास वाटते की पीक खुरटले. या काळात सोटमूळ खोल जात असते. भारी जमिनीत ते दोन मीटरांपर्यंत व त्याहूनही खोल उतरते. वरचा थर सुकून भेगाळला तरी खालच्या थरातील ओल या मुळास मिळते. म्हणूनच पाऊस संपल्यावर केवळ जमिनीत साठलेल्या ओलीवर हे पीक तग धरते.

यावरून जमिनीची निवड ठरते. मध्यम ते भारी, ओल धरून ठेवणारी व पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन करडईस द्यावी. मुरमाड, उथळ रानात मुळास उतरावयास जागा नसते. तेथे तिचा हा गुण व्यर्थ जातो. पाणी साचणाऱ्या खोलगट जागीही ती पेरू नये. दुष्काळ सोसणारी ही वनस्पती पाण्यात उभी राहणे सोसत नाही. मूळ कुजते आणि झाड उभेच्या उभे वाळते. ज्या रानात मूग, उडीद किंवा लवकर तयार होणारे सोयाबीन खरिपात घेतले जाते, तेथे त्या पिकाच्या काढणीनंतर ओल टिकवून करडई घेता येते. एकाच शेतात वर्षानुवर्षे करडई पेरल्यास मर रोगाची बुरशी जमिनीत वाढते. यास्तव फेरपालट अवश्य करावी.

पेरणीची वेळ

करडईच्या बाबतीत अन्य सर्व गोष्टी साधल्या आणि पेरणीची वेळ चुकली, तर हाती फारसे लागत नाही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा कोरडवाहू पेरणीचा योग्य काळ होय. नक्षत्रांच्या भाषेत सांगावयाचे तर उत्तरा आणि हस्त यांमध्ये पेरणी उरकावी. फार आधी पेरल्यास परतीच्या जोरदार पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडतात व मर वाढते. फार उशिरा पेरल्यास दोन संकटे एकदम येतात. एक म्हणजे वरची ओल उडून गेल्याने उगवण विरळ होते. दुसरे संकट माव्याचे. ते पुढे सांगितले आहे.

अनेक गावांत असे दिसते की ज्वारीची पेरणी आटोपल्यावर उरलेल्या रानात, उरलेल्या वेळात, उरलेल्या बियाण्याने करडई पेरली जाते. अशा रीतीने पेरलेले पीक बेताचेच येते व दोष पिकाच्या माथी बसतो. करडईला उरलेली वेळ देऊ नये, तिची वेळ द्यावी.

बियाण्याचा हिशेब

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर राहावे, अशी शिफारस आहे. या अंतराने एका हेक्टरात सुमारे १ लाख ११ हजार झाडे बसतात. एकरी ती सुमारे ४५ हजार होतात. हेक्टरी १० किलो बियाणे पुरते. हजार दाण्यांचे वजन ५० ग्रॅम धरले, तर १० किलोत दोन लाख दाणे येतात. म्हणजे लागणाऱ्या झाडांच्या जवळजवळ दुप्पट दाणे आपण जमिनीत टाकतो. सर्वच दाणे उगवत नाहीत, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. परंतु उगवण चांगली झाली तर दाटी होते. ही दाटी मोडली नाही, तर झाडे उंच व किडकिडीत होतात, फांद्या फुटत नाहीत आणि बोंडे लहान राहतात.

यास्तव उगवणीपासून १० ते १५ दिवसांत विरळणी करावी. एका जागी एकच जोमदार रोप ठेवावे. हे काम नकोसे वाटू नये, कारण उपटलेली कोवळी रोपे वाया जात नाहीत. या वयात पानांना काटे नसतात आणि करडईची कोवळी भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. घरच्या स्त्रियांनी भाजीसाठी रोपे खुडताना दाट ओळीतील रोपे मुळासह काढली, तर विरळणीही होते आणि भाकरीबरोबर भाजीही मिळते.

बियाण्यास पेरणीपूर्वी थायरम हे औषध दर किलोस ३ ग्रॅम चोळावे. थायरमऐवजी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूडही वापरता येते. त्यानंतर ॲझोटोबॅक्टर हे जिवाणूखत लावून बियाणे सावलीत सुकवावे व मग पेरावे. कोरडवाहू पिकास हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद द्यावे. एकराच्या हिशेबाने हे सुमारे ४४ किलो युरिया व ६३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट इतके होते. ही सर्व मात्रा पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावी, म्हणजे खत बियाण्याच्या खाली ओलीत पडते. वर फेकलेले खत कोरड्या मातीत तसेच पडून राहते व पैसा वाया जातो. माती परीक्षण झाले असल्यास त्याप्रमाणे मात्रेत बदल करावा.

पुढील दीड महिन्यात एखादी खुरपणी व दोन कोळपण्या द्याव्यात. कोळपणीने तण तर जातेच, शिवाय वरच्या मातीचा भुसभुशीत थर बनून भेगा बुजतात व ओल उडून जाण्यास अटकाव होतो. झाडाची खोडे वर चढू लागून काटे कडक झाले म्हणजे शेतात फिरणे अवघड होते. सबब आंतरमशागत त्यापूर्वीच संपवावी.

मावा : खरा शत्रू

काटा जनावरास अडवितो, पण माव्यास अडवीत नाही. करडईवरील मावा काळसर रंगाचा असतो. तो कोवळे शेंडे, पानांची मागची बाजू व बोंडांचे देठ यांवर थव्यांनी बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून गोडसर चिकट द्रव पाझरतो. त्यावर काळी बुरशी वाढते आणि झाड काळवंडते. थंड व ढगाळ हवेत त्याची वाढ झपाट्याने होते. वेळेवर पेरलेले पीक डिसेंबरच्या थंडीपर्यंत अंगाने भरलेले असते आणि काही प्रमाणात मावा सोसते. उशिरा पेरलेले पीक मात्र त्या वेळी कोवळे सापडते. म्हणून माव्यावरील पहिले औषध म्हणजे वेळेवर पेरणी, आणि ते विनामूल्य आहे.

मावा प्रथम बांधाकडील ओळींवर दिसतो. शेतकऱ्याने पेरणीनंतर महिन्याभराने दर चार-पाच दिवसांनी शेताच्या चारही कडांनी एक फेरी मारावी. सुरुवातीस माव्याने भरलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. त्यावर न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा खातात. ते झाडावर पुष्कळ दिसत असतील तर विषारी औषधाची घाई करू नये. शेंडे फार माखले असतील तरच कृषी विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस पाहून औषध निवडावे. पीक फुलावर असताना सकाळी मधमाश्या मोठ्या संख्येने येतात. त्या वेळी फवारणी कदापि करू नये.

पाणी दिले तर

करडई कोरडवाहू आहे याचा अर्थ तिला पाणी चालतच नाही असा नव्हे. विहिरीस थोडे पाणी असेल, तर पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी एक व फुलोऱ्याच्या वेळी, म्हणजे ५५ ते ६० दिवसांच्या सुमारास, दुसरे हलके पाणी दिल्यास उत्पन्नात चांगली भर पडते. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जमिनीस भेगा पडल्यानंतर पाणी देऊ नये. भेगांतून पाणी मुळांपाशी साचते आणि पीक मरू लागते. पाणी द्यावयाचे तर भेगा पडण्यापूर्वी; ती वेळ टळली असेल, तर पीक ओलीवरच सोडून द्यावे.

काटेरी की बिनकाटेरी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. करडईच्या सर्वच वाणांस काटे असतात असा समज आहे. तो बरोबर नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे श्री. बनबिहारी निंबकर यांनी सन १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण आणि सन २००१ मधील ‘नारी-एनएच-१’ हा देशातील पहिला बिनकाटेरी संकरित वाण ही त्याच कामाची फळे होत. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही ‘पीबीएनएस-४०’ हा बिनकाटेरी वाण दिला आहे. काटेरी वाणांत सोलापूरचा ‘भीमा’, परभणीचे ‘शारदा’ व ‘परभणी कुसुम’, तसेच ‘फुले कुसुमा’ हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. याखेरीज अधिक तेलाचे नवे वाणही निघाले आहेत. आपल्या जिल्ह्यास कोणता वाण शिफारशीत आहे हे जवळच्या संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवावे.

बिनकाटेरी वाण आला म्हणजे काटेरी टाकून द्यावा, असा सरधोपट सल्ला मात्र देता येत नाही. काट्याचे काम काय, हे आधी पाहिले पाहिजे. गावाची मोकाट जनावरे ज्या शिवारात फिरतात, जेथे काळविटांचे कळप येतात, तेथे बिनकाटेरी करडई म्हणजे वाढून ठेवलेले ताट होय. अशा ठिकाणी काटेरी वाणच बरा. ज्वारी किंवा हरभऱ्याच्या कडेने पाटे घ्यावयाचे असतील तर तेही काटेरीच हवेत. याउलट जेथे शेत गावाजवळ व राखणीत आहे, काढणीस घरचीच माणसे आहेत, अथवा पाकळ्या गोळा करून विकावयाच्या आहेत, तेथे बिनकाटेरी वाण हिताचा. काट्यांतून पाकळी वेचणे हे हातांचे हाल करून घेणे होय.

बियाणे घरचे ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करडईत बहुतांशी स्वपरागीभवन होते, तरी मधमाश्यांमुळे शेजारच्या शेतातील परागही येतात. काटेरीपणा हा संकरात बहुधा वरचढ ठरतो. म्हणून बिनकाटेरी पिकाच्या शेजारी काटेरी शेत असेल, तर पुढील वर्षी काही झाडे काटेरी निघतात. बियाण्याचा तुकडा काटेरी पिकापासून दूर ठेवावा, काटेरी निघालेली झाडे फुलापूर्वीच उपटावीत आणि बी तुकड्याच्या मधल्या ओळींतून घ्यावे. संकरित वाणाचे बियाणे मात्र घरी ठेवूच नये. ते दर वर्षी नवे आणावे.

काढणी

साधारणतः १३० ते १४० दिवसांत पीक तयार होते. पाने व बोंडे पिवळसर तपकिरी होतात आणि बोंड चोळले असता पांढरे टणक दाणे सुटतात. काटेरी पीक हाताने काढावयाचे असेल, तर ते भल्या सकाळी काढावे. दवाने काटे नरम पडतात. हातापायांस जाड कापड गुंडाळून व बेचक्याने झाड धरून विळ्याने कापण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. कापलेल्या पेंढ्या खळ्यावर वाळवून काठीने बडवाव्यात व उफणून दाणे स्वच्छ करावेत.

ज्यांच्याकडे क्षेत्र मोठे आहे त्यांच्यासाठी आज दुसरा मार्ग खुला झाला आहे. गहू काढणारे कंबाईन यंत्र योग्य जुळणी करून करडईसही चालते. काढणी व मळणी एकदमच होते आणि काट्यास हात लावावा लागत नाही. म्हणजे मजुराअभावी करडई सोडण्याचे कारण काटेरी वाणांच्या बाबतीतही उरत नाही. फरक इतकाच की, हाताची काढणी दवात होते, तर यंत्राची काढणी दव उडून पीक पूर्ण वाळल्यावर करावयाची. करडईचे दाणे बोंडात घट्ट असतात व सहसा गळत नाहीत. त्यामुळे यंत्रासाठी काही दिवस थांबता येते. परंतु फार थांबणेही बरे नाही. पक्व बोंडांवर अवकाळी पाऊस पडला, तर दाणे बोंडातच मोड धरतात.

एका शेतकऱ्याच्या दीड-दोन एकरांसाठी यंत्र गावात येत नाही, ही अडचण खरी आहे. ती एकट्याने सुटणारी नाही. एका शिवारातील आठ-दहा शेतकऱ्यांनी लगतच्या शेतांत, एकाच आठवड्यात, एकच वाण पेरला तर पीक एकदमच तयार होते आणि यंत्रवाल्यास फेरी परवडते. मावाही एका शेतातून दुसऱ्यात सरकत राहत नाही.

तेल, पेंड आणि पाकळी

करडईच्या बियांत वाणपरत्वे शेकडा २८ ते ३५ इतके तेल असते. घाण्यावर त्यातील सर्वच निघत नाही. या तेलात लिनोलिक नावाच्या स्निग्धाम्लाचे प्रमाण शेकडा ७५ च्या आसपास असते. हे आम्ल शरीरास आवश्यक असून ते अन्नातूनच मिळवावे लागते. मात्र याच घटकामुळे हे तेल हवेने लवकर बदलते. डब्याच्या काठावर सांडलेले तेल काही दिवसांनी चिकट होऊन बसते, हे गृहिणींच्या पाहण्यात असेलच. पेशावरकडील कारागीर जंगली करडईचे तेल पुष्कळ तास उकळून मेणासारखे दाट करीत व त्याने कापडावर नक्षी काढीत. तेही याच गुणावर. घरात मात्र तेल अंधाऱ्या, थंड जागी झाकून ठेवावे, थोडे थोडे काढून आणावे आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ज्यांत ओलीक आम्ल अधिक असते असे वाणही आता आहेत. त्यांचे तेल अधिक टिकते. असा पहिला वाण अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सन १९६६ मध्ये प्रसारित झाला.

बियांवरील टरफल जाड असल्यामुळे टरफलासह निघालेल्या पेंडीत चोथा अधिक असतो. अशी पेंड जनावरांस बेताने व इतर खुराकात मिसळून द्यावी. टरफल काढून गाळलेल्या बियांची पेंड अधिक पौष्टिक असते.

पाकळ्यांचा काढा व चहा करण्याची पद्धत चीनमध्ये जुनी आहे व आपल्याकडेही त्यास आता थोडी मागणी आहे. परागीभवन होऊन फुले कोमेजू लागली व रंग तांबूस झाला, म्हणजे पाकळ्या वेचाव्यात. त्यामुळे दाणे भरण्यास बाधा येत नाही. पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. गर्भवती स्त्रियांनी मात्र हा काढा घेऊ नये. करडईच्या पाकळ्या केशर म्हणून विकण्याची लबाडी फार जुनी आहे. केशराची काडी टोकाकडे तुतारीसारखी रुंदावते, तर करडईच्या लहान फुलाची नळी टोकाशी पाच भागांत चिरलेली असते. आपला माल त्याच्या खऱ्या नावानेच विकावा.

काय करावे?

करडई सर्व रानात व सर्वांनी पेरावी, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. बागायतीचे भरपूर पाणी आहे तेथे तिची शिफारस करण्याचे कारण नाही. ज्या भारी जमिनीत पाण्याची सोय नाही, जेथे हरभरा मध्येच ओल संपून दगा देतो, तेथे मात्र तिचा विचार व्हावा. केंद्र सरकार ज्या सहा रब्बी पिकांस किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत करडईचा समावेश आहे. परंतु खरेदीची सोय जवळ आहे किंवा नाही हे पेरणीपूर्वीच पाहावे. बाजाराची खात्री नसेल, तर निदान घरच्या वर्षाच्या तेलापुरते क्षेत्र ठेवावे व जवळच्या घाण्यावर बी गाळून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढील गोष्टी कराव्यात. ऑगस्टमध्येच गावातील भारी कोरडवाहू रानांची यादी करावी व त्यांतील एका सलग शिवारातील शेतकऱ्यांस एकत्र बोलवावे. त्या शिवारात मोकाट जनावरांचा उपद्रव किती, हे त्यांच्याच तोंडून ऐकून मग काटेरी की बिनकाटेरी हे ठरवावे. बियाणे उत्तरा नक्षत्रापूर्वी गावात पोहोचेल अशी व्यवस्था करावी. हस्त संपल्यावर आलेले बियाणे न आल्यासारखेच. विरळणीच्या आठवड्यात एकदा व माव्याच्या दिवसांत वारंवार शेतात जावे. काढणीयंत्राच्या मालकाशी जानेवारीतच बोलणे करून ठेवावे. हंगामाअखेर प्रत्येक शेताचे पेरणीचे दिवस, मिळालेले उत्पन्न व काढणीचा खर्च एका वहीत शेजारी शेजारी मांडून तो कागद सर्वांस वाचून दाखवावा. वेळेवर व उशिरा पेरलेल्या शेतांतील अंतर आपल्याच गावच्या आकड्यांत दिसले, म्हणजे पुढील वर्षी कोणास सांगावयास जावे लागणार नाही.